बारापैकी सात

"चला, उशिरा का होईना, न्याय झाला," असं म्हणून भाऊजींनी ट्यूबलाइट लावली. डोंबिवलीला ताईकडे रविवारची जेवणं उरकून आम्ही सगळे 'अ बँड कॉल्ड डेथ' हा माहितीपट बघत बसलो होतो. भाचा बास गिटार वाजवतो, त्याच्याच आग्रहाने लावला होता. ताईचे डोळे पाणावलेले, भाचा पडद्यावर सरकणारी नावंसुद्धा वाचत बसलेला, आणि भाऊजींच्या त्या वाक्याने सगळ्यांना उठायला मोकळीक मिळाली. वाट्या उचलल्या गेल्या, उरलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये गेलं, ताई सोमवारच्या डब्यासाठी गवार निवडायला बसली. भाऊजी मनापासून बोलले होते आणि तो शेवट बघून कुणालाही तसंच वाटेल. पण मला ते वाक्य पचेना. परतीच्या लोकलमध्ये मुलुंड येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. न्याय कुणाला झाला? ज्याला व्हायला हवा होता तो, 'डेथ' बँडचा गिटारवाला डेव्हिड हॅकनी, 2000 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. त्याचा अल्बम दुकानात आला 2009 च्या फेब्रुवारीत.

मधे नऊ वर्षं.

आणि गाणी रेकॉर्ड झाली होती 1975 मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी पाव शतक. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी, डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी यांनी, पंक हा रॉकचा वेगवान, रांगडा प्रकार जगाला नीट माहीत होण्याआधी तो वाजवून ठेवला होता, आणि तो चौतीस वर्षं फारसा कुणाच्या कानावर पडला नाही. गोष्ट एवढ्यात सांगून होते. सांगितली की समोरचा हळहळतो आणि मग शेवट ऐकून सुखावतो. मला त्या सुखावण्याविषयी लिहायचं आहे, कारण ते मलाही झालं होतं आणि तरीही त्यात काहीतरी टोचत होतं.

सुरुवात फार गोड आहे. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स पहिल्यांदा एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले, तेव्हा त्यांनी पोरांना समोर बसवलं आणि म्हणाले, हे बघा. धर्मोपदेशकाच्या घरात हे घडावं याचं मला फार कौतुक वाटतं. दुसऱ्याच दिवशी डेव्हिडला गल्लीत कुणीतरी टाकून दिलेली गिटार सापडली. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काट मारली असती इतकं जुळून आलेलं, पण भाऊ ते तसंच सांगतात. मग धाकटे मागोमाग आले. बॉबी बास वाजवू लागला आणि गाऊही लागला, डॅनिस ड्रम्सवर बसला. घरातली एक खोली सरावाची झाली. आईने त्यांना थांबवलं नाही. शेजारीपाजारी कंटाळले असतील, पण आई घराच्या बाजूने उभी राहिली. गॅरेजचं दार उघडून तिथेच त्यांनी पहिले कार्यक्रम केले.

आधी ते फंक, म्हणजे काळ्यांचं ठेकेदार नाचाचं संगीत, वाजवायचे, बँडचं नावही 'रॉक फायर फंक एक्स्प्रेस' असं लांबलचक. मग द हू आणि अ‍ॅलिस कूपर या रॉकवाल्यांना प्रत्यक्ष मंचावर वाजवताना पाहिलं आणि सगळं पालटलं. हे पालटणं किती महागात पडणारं होतं ते समजायला तेव्हाचं डेट्रॉइट डोळ्यांसमोर आणावं लागतं. हे मोटाउनचं शहर. मोटारींच्या कारखान्यांच्या जोडीने गाण्यांचाही कारखाना इथेच चालला होता, आणि 1972 मध्ये मोटाउन कंपनी आपलं बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिसला गेली होती. 1967 च्या उन्हाळ्यातल्या दंगलीत 43 माणसं मेली होती, गोरी वस्ती उपनगरांकडे सरकत चालली होती. अशा शहराच्या काळ्या वस्तीत मुलांनी काय वाजवावं हे जणू ठरलेलं होतं: सोल, फंक, पुढे डिस्को. खणखणीत विद्युत गिटारीचा रॉक हा गोऱ्या पोरांचा धंदा. डेट्रॉइटमध्येच एमसी5 आणि स्टूजेस हे बँड तसलं वाजवत होते, पण ते गोरे होते. ज्या रॉक अँड रोलचा पाया चक बेरी, लिटिल रिचर्ड आणि त्यांच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प या काळ्या कलावंतांनी घातला, तो वाजवल्याबद्दल काळ्या मुलांना त्यांच्याच गल्लीत विचारावं की तुम्ही हे गोऱ्यांचं संगीत का वाजवता! पंधरा-वीस वर्षांत एखाद्या कलेची मालकी अशी बदलते आणि ज्यांची होती त्यांनाही ती परकी वाटू लागते, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत दुखरं वाटतं. रेकॉर्ड कंपनीच्या नकाराहून कितीतरी अधिक.

नावाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक झाली आहे. वडील अपघातात गेले. डेव्हिडने बँडचं नाव 'डेथ' ठेवायचं ठरवलं. मृत्यू म्हणजे सगळ्याचा शेवट, ही भीती उलटी फिरवायची, मृत्यूचा अर्थच उजळ करायचा, असं काहीसं त्याच्या मनात होतं. भावांना ते पटवणं अवघड गेलं असं बॉबीने पुढे सांगितलं आहे. मला त्या वेळचं त्यांचं घर डोळ्यांसमोर येतं. बाप गेलेला, तिघांतला थोरला म्हणतो आहे की आपल्या वाद्यवृंदाचं नाव मृत्यू, आणि धाकटे दोघे एकमेकांकडे बघत आहेत. आपल्याकडे बारशाला काय नावं टाळतात, दुकानाच्या पाटीवर काय लिहीत नाहीत, याचा विचार करा. अशुभ बोलू नये म्हणून आपण 'दिवा मालव' म्हणतो, 'विझव' म्हणत नाही. अमेरिकेतही लोक यापेक्षा फार वेगळे नव्हते. रेडिओवाला ते नाव उच्चारायलाच तयार नसायचा.

यश हवं असतं तर नाव बदलणं हा सर्वांत स्वस्त सौदा होता, आणि तो त्यांच्यासमोर आलाही. ग्रूव्ह्सव्हिल नावाच्या स्थानिक संस्थेने त्यांना हाताशी धरलं. तिचे मालक डॉन डेव्हिस हे सोल संगीतातले मुरलेले निर्माते. 1976 मध्ये जॉनी टेलरचं 'डिस्को लेडी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्यांच्याच हाताखाली तयार झालं होतं. 1975 मध्ये युनायटेड साउंड स्टुडिओत, जिम व्हिटी या ध्वनिमुद्रकासोबत, भावांचं काम सुरू झालं. बारा गाण्यांचा अल्बम करायचा होता. पैसे न्यूयॉर्कहून, क्लाइव्ह डेव्हिस यांच्याकडून येत होते असं हॅकनी कुटुंब सांगतं. त्या काळातले हे रेकॉर्ड धंद्यातले बडे अधिकारी. त्यांना गाणी आवडली होती, फक्त नाव बदला, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. डेव्हिड नाही म्हणाला. पैसे थांबले. सात गाणी झाली होती, तिथेच काम थांबलं.

इथे माहितीपट पाहताना भाचा उसळून म्हणाला होता, "बरोबर केलं त्याने!" आणि भाऊजी म्हणाले होते, "अरे, पण धाकट्या दोघांचं काय?" दोघांचंही मला पटलं. डेव्हिड एकट्यासाठी नाही म्हणाला नव्हता. बॉबी आणि डॅनिस यांची तरुण वयंही त्या एका नकारात गेली. दोघांनी पुढे सांगितलं आहे की त्यांना नाव बदलायला चाललं असतं. तरी त्यांनी थोरल्याचा शब्द मोडला नाही. तत्त्वासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाची आपण पूजा बांधतो, त्याच्या शेजारी निमूट उभ्या राहिलेल्यांना विसरतो. बॉबी आणि डॅनिस यांचं मोठेपण मला डेव्हिडपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

स्टुडिओतून सुटलेल्या सातपैकी दोन गाणी घेऊन 1976 मध्ये त्यांनी स्वतःच एक लहान तबकडी काढली. एका बाजूला 'पॉलिटिशियन्स इन माय आईज', दुसऱ्या बाजूला 'कीप ऑन नॉकिंग'. लेबलचं नाव 'ट्रायअँगल', तेही डेव्हिडच्या तऱ्हेने मुद्दाम वेगळ्या स्पेलिंगचं. प्रती 500. त्या रेडिओ केंद्रांना दिल्या, ओळखीच्यांना दिल्या, आणि काही झालं नाही. कुणी टीका केली नाही, कुणी हाकललं नाही. रेडिओ तेव्हा डिस्कोकडे झुकत होता, एवढंच. त्याच 1976 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम आला, वर्ष संपता संपता लंडनहून सेक्स पिस्टल्सची पहिली तबकडी आली, आणि ज्याला पंक म्हणतात त्याचा इतिहास तिथून लिहायला सुरुवात झाली. 1977 मध्ये हॅकनी बंधूंनी 'डेथ' बंद केला.

गाण्यांविषयी लिहायला हवं, कारण या कहाणीत गाणीच मागे पडतात.

'पॉलिटिशियन्स इन माय आईज' मी हेडफोन लावून, डोळे मिटून, फक्त बास ऐकत ऐकलं आहे. पंकविषयी आपला समज असा की तिथे बासला फारसं काम नसतं, गिटारच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं. इथे बॉबीची बास धावते, वळते, मधेच वर चढते, आणि गातो आहे तोही तोच. फंक वाजवून घोटलेले हात आहेत ते, ते जाणार कुठे! डेव्हिडच्या गिटारीचे तुकडे करवतीसारखे येतात, आणि मग सगळं एकदम थांबतं. पूर्ण गप्प. अर्ध्या श्वासाचा तो विराम असतो आणि पुन्हा तिघे एकाच क्षणी परत उतरतात. समेवर येण्याची जी ओढ आपल्या कानांना लहानपणापासून लागलेली असते ती इथे नेमकी भागते. हे असं एकत्र थांबणं आणि एकत्र उतरणं मोजून जमत नाही, एका घरात रोज वाजवल्याने जमतं. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं आहे. व्हिएतनामच्या युद्धात पोरांना धाडणाऱ्या पुढाऱ्यांवरचा राग त्यात आहे, आणि बॉबीचा आवाज शेवटी शेवटी किंचाळीच्या काठावर जातो तरी सूर सोडत नाही.

याउलट 'लेट द वर्ल्ड टर्न' सुरू होतं ते इतक्या संथपणे की चुकून दुसऱ्याच कुणाची रेकॉर्ड लागली असं वाटावं. धुक्यातून आल्यासारखी गिटार, हलका गळा, आणि मग डॅनिस अचानक झाकण उघडतो. मधे तो एकटाच ड्रम्सवर काही वेळ घालवतो. रामोन्सच्या गाण्यांत असलं काही बसलंच नसतं. म्हणून 'पंकच्या आधीचा पंक' हे त्यांच्यावर चिकटवलेलं बिरुद मला तोकडं वाटतं. हे तिघे स्वतःला डेट्रॉइटचे रॉक अँड रोलवाले समजत होते. पंक त्यांच्या गाण्यांत आहे, 'रॉक अँड रोल व्हिक्टिम'मध्ये तर काठोकाठ आहे, पण त्यात चर्चमधलं गाणं आहे, फंक आहे, द हू आहे, बापाच्या मृत्यूनंतरचा एक विलक्षण देवभोळेपणा आहे. नंतरच्या इतिहासाने कापलेल्या साच्यात त्यांना घालून मग 'पहिले' म्हणणं, यात त्यांच्या निम्म्या संगीताकडे डोळेझाक होते.

'पहिले कोण' हा वाद तसाही सुटणारा नाही. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या लिन्से भागात लॉस साइकोस नावाचा बँड 1960 च्या दशकाच्या मध्यावर 'डेमोलिसिऑन' नावाचं एक बेफाम, घसा फाडून गायलेलं गाणं करून गेला, आणि आज तिथे फलक लावलेला आहे की पंक इथे जन्मला. फिलाडेल्फियाचा 'प्युअर हेल' हाही काळ्या मुलांचा बँड, डेथच्याच काळातला, त्याचं नाव आजही फार कमी जण घेतात. मला या शर्यतीत रस वाटत नाही. माझ्या मनात येतं ते वेगळंच: रामोन्सनी डेथचं काही ऐकलं नव्हतं, पिस्टल्सनी नाही, काळ्या मुलांचा पुढे गाजलेला वॉशिंग्टनचा बॅड ब्रेन्स उभा राहिला तोही यांच्या आधाराशिवाय. कुणीतरी वाट पाडतो, मागचे त्या वाटेने येतात, असं आपण कलेच्या इतिहासाचं चित्र काढतो. इथे वाट पाडलेली होती आणि मागून आलेल्यांनी आपापली वेगळी पाडली. वॉशिंग्टनमधल्या एखाद्या काळ्या पोराने 1976 मध्ये रेडिओवर बॉबीचा आवाज ऐकला असता तर त्याचे किती प्रश्न सुटले असते! 'हे आपलं नाही' हे त्याला कुणी सांगू शकलं नसतं. ते ऐकणं झालंच नाही, आणि 2009 मध्ये अल्बम काढून ते भरून येत नाही.

तीनही भाऊ मग व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी गेले. डेट्रॉइटच्या मानाने चिमुकलं, सरोवराकाठचं, हिवाळ्यात बर्फात बुडणारं. तिथे 'द फोर्थ मूव्हमेंट' नावाने त्यांनी देवाची रॉक गाणी केली, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन अल्बमही काढले. 1982 मध्ये डेव्हिड एकटा डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस तिथेच राहिले, संसार मांडले, 'लॅम्ब्सब्रेड' नावाचा रेगे बँड काढला आणि त्यात छान रमले. डेथविषयी बॉबीने आपल्या मुलांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? एकदा आम्ही बँड काढला होता, नाव भलतंच होतं, चालला नाही. आपल्याकडेही असे बाप घरोघरी आहेत. कुणी नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवलेलं असतं, कुणी कबड्डी खेळलेलं असतं, आणि पोरांना ते कळतं दिवसकार्याला आलेल्या जुन्या मित्रांकडून.

माझे धाकटे मामा हवाईयन गिटार वाजवायचे. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात होते, गणपतीच्या दिवसांत दहा दिवस घरी यायचे नाहीत. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजायची, पण मामांच्या स्वतःच्या काही चाली होत्या. निवेदक लांबला किंवा गायिका साडी बदलून यायला उशीर झाला की ते त्यातली एखादी वाजवायचे, लोकांना वाटायचं कुठल्या तरी जुन्या पिक्चरची असेल. त्या चाली त्यांनी एका कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. मामा गेल्यावर काही वर्षांनी मामींनी माळा साफ करायला काढला तेव्हा ती स्टीलच्या डब्यात निघाली. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बघ गं, तुला काही ऐकू येतं का त्यात." कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट बुरशी दिसत होती, साखर सांडल्यासारखी. पेन्सिल घालून फिरवली तर एक वेढा दुसऱ्याला चिकटून करकर वाजला. भावाकडच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली तेव्हा आधी नुसती खरखर, मग तारेवरून स्टीलची पट्टी सरकल्याचा एक लांबलचक सूर, आणि टेप आत गुंडाळली गेली. मामी म्हणाल्या, "तेच आहेत." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

डेथच्या टेपा बॉबीच्या पोटमाळ्यावर होत्या हे कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला नाही, धास्ती वाटली. त्या काळच्या स्टुडिओ टेपा फार नाजूक. चुंबकीय भुकटी प्लास्टिकच्या फितीवर ज्या चिकट द्रव्याने बसवलेली असते ते हवेतला ओलावा शोषतं. 1970 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कितीतरी टेपा अशा चिकट झाल्या आहेत की तशाच लावल्या तर भुकटी यंत्राच्या डोक्यावर खरवडून निघते आणि तिच्याबरोबर गाणंही. अशा टेपा वाचवायला त्या आधी मंद आचेवर, साधारण 50 ते 55 अंशांवर, कित्येक तास भाजून काढतात, आणि मग ओलावा परत शिरायच्या आत एकदाच वाजवून उतरवून घेतात. 'रेकॉर्ड झालं आहे' म्हणजे ते कायमचं राहिलं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याला सांभाळणारं माणूस लागतं, बऱ्यापैकी हवा लागते, आणि घर बदलताना 'हे टाकू नका' म्हणणारं कुणीतरी लागतं. डोंबिवली-कल्याणच्या पावसाळ्यात ते किती जणांना मिळालं असेल?

बॉबीला 'टाकू नका' असं सांगितलं होतं ते खुद्द डेव्हिडने. मरणाच्या काही काळ आधी त्याने मूळ टेपा बॉबीच्या हवाली केल्या. एक दिवस जग हे शोधत येईल, तेव्हा ते तुझ्याकडे असायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. माहितीपटात बॉबी हे सांगताना त्याचा गळा भरून येतो आणि ताई रडली ती इथेच. डेव्हिडचं भाकीत खरं ठरलं म्हणून सगळे थक्क होतात. मला त्या क्षणी बॉबी जास्त दिसतो. त्याचा त्या भाकितावर विश्वास असायचं काहीच कारण नव्हतं. पंचवीस वर्षं कुणी शोधत आलं नव्हतं. थोरला भाऊ खंगलेला, त्याचं मन मोडायचं नाही म्हणून त्याने डबे घेतले आणि वर नेऊन ठेवले. त्याने भाकीत सांभाळलं नाही, भावाला सांभाळलं. गाणी त्यामुळे वाचली.

शोधत कोण आलं? आधी आले जुन्या तबकड्या जमवणारे. 500 प्रतींतली एखादी कुठल्या तरी ढिगात सापडायची, एकाकडून दुसऱ्याला कळायचं, आणि होता होता तिची किंमत शेकडो डॉलरवर गेली. या जमातीला लोक नाकं मुरडतात, पण धूळ खात पडलेल्या खोक्यांत कंबर वाकवून तासन्‌तास उभं राहणारी ही माणसं नसती तर संगीताचा निम्मा इतिहास रद्दीत गेला असता. मग कुणीतरी ती गाणी इंटरनेटवर चढवली. 2008 मध्ये बॉबीचा मुलगा जुलियन कॅलिफोर्नियात होता, तिथे पार्ट्यांमध्ये वाजणारं एक जुनं, अनोळखी, जबरदस्त गाणं त्याच्यापर्यंत पोचलं. आवाज बापाचा होता. आपल्या बापाचा तरुण आवाज असा तिऱ्हाइताच्या घरात भेटणं म्हणजे काय असेल याची मी कल्पना करते आणि दर वेळी थांबते. मामींनी 'तेच आहेत' म्हटलं होतं ते एका सुरावरून. इथे तर अख्खं गाणं होतं, आणि ते गाणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला जिवंत होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. जुलियन, उरियन आणि बॉबी ज्युनिअर या तिघा मुलांनी बापाची आणि काकांची गाणी वाजवायला स्वतःचा बँड काढला आणि त्याला नाव दिलं 'रफ फ्रान्सिस', जे डेव्हिडकाका स्वतःसाठी वापरायचे. शिकागोच्या ड्रॅग सिटी या कंपनीने सात गाण्यांचा अल्बम काढला. नाव 'फॉर द होल वर्ल्ड टू सी'. वर्तमानपत्रांत मोठे लेख आले. बॉबी आणि डॅनिस पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा 'डेथ' म्हणून मंचावर उभे राहिले, गिटारवर त्यांचा रेगेतला जुना साथीदार बॉबी डंकन. 2012 मध्ये मार्क कोव्हिनो आणि जेफ हाउलेट यांचा तो माहितीपट आला. 2015 मध्ये नवा अल्बमही झाला. ज्या गाण्यांना जगाच्या संगीतात वारस मिळाला नाही, त्यांना घरातच तीन वारस मिळाले. मुलांनी बापाला त्याची गाणी परत शिकवली म्हणा ना. या सगळ्यातला खरा आनंद मला इथे सापडतो, आणि तो निर्भेळ आहे.

एक प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. ही गोष्ट माहीत नसती तर गाणी इतकी आवडली असती का? उत्तरासाठी मी ती माझ्या एका मैत्रिणीला काही न सांगता ऐकवली. तिचं रोजचं ऐकणं कुमारजी आणि किशोरीताई, रॉकशी संबंध नाही. 'कीप ऑन नॉकिंग' संपल्यावर ती म्हणाली, "हे लोक एकमेकांना फार वर्षं ओळखतात." बस. मला आणखी काही नको होतं. गाण्याला कहाणीच्या कुबड्या लागत नाहीत. कहाणीलाच गाण्याची गरज आहे, आणि म्हणून ती त्याला सोडत नाही. प्रत्येक लेखात आधी पोटमाळा येतो, आधी नकार येतो, आधी मरण येतं, आणि मग उरलेल्या दोन ओळींत बासविषयी काहीतरी. डेव्हिडला कहाणी व्हायचं नव्हतं. त्याला रेडिओवर वाजायचं होतं.

आता तो वाजतो. आणि डेव्हिड बरोबर होता असं ऐकलं की मी मान डोलावते, तो बरोबर होताच. पण या हिशेबात कायम सात धरले जातात. सात गाणी सापडली, सात गाणी जगासमोर आली, त्या अल्बमचा सव्वीस-सत्तावीस मिनिटांचा ऐवज. स्टुडिओत जाताना ठरली होती बारा. उरलेली पाच त्या खोलीत, त्या यंत्रांवर, त्या वयाच्या तिघांनी एकत्र श्वास रोखून वाजवलेली, कुठल्याच पोटमाळ्यावर नाहीत. 1976 नंतर डेव्हिड चोवीस वर्षं जगला, त्याच्या हातात गिटार होती, आणि 'डेथ'चा पुढचा अल्बम काढ असं त्याला कुणी म्हणालं नाही. त्या वर्षांत त्याने 'डेथ' म्हणून काय वाजवलं असतं ते ऐकायला मी काहीही दिलं असतं, आणि ते मागायचं कुणाकडे, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.